मोशेच्या मृत्यूची नोंद कोणी केली?

इस्रायलच्या बातम्यांत 'तोरा' हा शब्द वरचेवर येतो. धर्मपाठशाळांत दिवसभर तोरा शिकणाऱ्या तरुणांनाही सैन्यात भरती केलं पाहिजे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये दिला आणि मोठं वादळ उठलं. आम्ही तोरा शिकतो म्हणून हा देश टिकून आहे, असं त्या तरुणांचं मनापासून म्हणणं असतं. ग्रंथाच्या अभ्यासाला माणसं एवढं मोल का देतात, हे समजून घ्यायचं तर तो ग्रंथ कुठून आला याबद्दलची त्यांची श्रद्धा समजून घ्यावी लागते. त्याच श्रद्धेपुढे गेली साडेतीनशे वर्षं एक अवघड प्रश्न उभा आहे. ग्रंथाचे अभ्यासक म्हणतात, हे लिखाण एका हातचं नाही. मग देवाने दिलं म्हणायचं ते नेमकं काय?

## आधी तोरा म्हणजे काय ते पाहू

तोरा म्हणजे हिब्रू बायबलातली पहिली पाच पुस्तकं. ज्यूंच्या श्रद्धेप्रमाणे देवाने ती सिनाय पर्वतावर मोशे या संदेष्ट्याला दिली. मराठी बायबलात त्यांची नावं उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद अशी आहेत. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ती चामड्याच्या लांबलचक गुंडाळीवर हाताने लिहिलेली असतात. अक्षरं ३,०४,८०५. एक अक्षर गळलं तरी ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत वाचनाला चालत नाही. गुंडाळी उंच धरून मंडळींना दाखवतात, तेव्हा सगळे म्हणतात, "मोशेने इस्रायलच्या लोकांपुढे ठेवली ती हीच तोरा."

या श्रद्धेला हिब्रूत 'तोरा मिन हाशामायिम' म्हणतात, म्हणजे आकाशातून आलेली तोरा. ठाण्यात १८७९ साली बांधलेल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यूंच्या, सिनेगॉगचं नाव 'शार हाशामायिम', आकाशाचं दार. शब्द तोच. तोरा आकाशातून आलेली नाही असं म्हणणाऱ्याला परलोकात वाटा नाही, असं रब्बींनी सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित केलेल्या मिश्नात लिहिलं आहे. बाराव्या शतकात मैमोनिडीस या थोर पंडिताने श्रद्धेची तेरा तत्त्वं मांडली. त्यातलं आठवं तत्त्व सांगतं की आज आपल्या हातात आहे ती सबंध तोरा देवाकडून मोशेला मिळालेलीच आहे.

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात सिमखात तोरा नावाचा सण येतो. लोक गुंडाळ्या छातीशी धरून नाचतात, गातात. वर्षभराचं वाचन त्या दिवशी संपतं आणि लगेच दुसऱ्या गुंडाळीतून पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होतं. संपतं ते मोशेच्या मृत्यूवर. तो मवाबच्या भूमीत वारला, आणि त्याची कबर कुठे आहे हे आजपर्यंत कोणाला ठाऊक नाही, असं तिथे लिहिलं आहे. 'आजपर्यंत' हा शब्द मोशे स्वतःबद्दल कसा लिहील? नाचून दमलेली मंडळी हे वाक्य दरवर्षी कान देऊन ऐकतात. कोणीही ते गाळत नाही.

## गोधडीचे टाके

घरातली जुनी गोधडी उजेडात धरून पाहिली की कळतं, हा तुकडा आजीच्या नऊवारीचा, हा आत्याच्या परकराचा, आणि इथला दोरा दुसऱ्याच कोणीतरी घातलेला. गोधडी पांघरताना मात्र यातलं काही जाणवत नाही. अभ्यासक तोरा अशी उजेडात धरतात.

नोहाची गोष्ट घ्या. मराठी बायबल कोणाच्या घरी असेल तर समोर ठेवून वाचा, कारण या बाबतीत मराठी भाषांतर मोठी मदत करतं. हिब्रूत देवाची दोन नावं येतात. 'एलोहीम'साठी मराठीत 'देव' आहे. दुसरं चार अक्षरी नाव ज्यू लोक उच्चारत नाहीत, त्यासाठी 'परमेश्वर' आहे.

सहाव्या अध्यायात 'देव' नोहाला सांगतो, प्रत्येक जातीतली एक जोडी तारवात घे. सातव्याच्या सुरुवातीला 'परमेश्वर' सांगतो, शुद्ध प्राणी सात-सात घे, अशुद्ध मात्र नर-मादी असे दोनच. एकदा वाचतो की पाऊस चाळीस दिवस पडला. पुढे वाचतो की पाणी दीडशे दिवस चढलेलं राहिलं. आधी कावळा सोडतात, मग कबुतर. नोहा सहकुटुंब तारवात शिरल्याचं दोनदा सांगितलं आहे. आणि सातव्या अध्यायातल्या सोळाव्या वचनात टाका अगदी बोटाला लागतो: 'देवा'ने आज्ञा केल्याप्रमाणे सगळे आत गेले आणि 'परमेश्वरा'ने दार बंद केलं.

आता 'परमेश्वर' असलेली वाक्यं एका कागदावर आणि 'देव' असलेली दुसऱ्यावर उतरवून काढा, आणि आकडे ज्याचे त्याच्याकडे जाऊ द्या. जवळजवळ सलग अशा दोन गोष्टी हातात येतात. पहिलीत जास्तीचे शुद्ध प्राणी लागतात, कारण पूर ओसरल्यावर नोहा यज्ञ करतो. दुसरीत यज्ञ नाहीच, म्हणून एक जोडी पुरते. दुसरी गोष्ट ज्या परंपरेची, तिच्या मते सिनाय पर्वतापाशी याजकांची नेमणूक होईपर्यंत यज्ञाला सुरुवातच झालेली नव्हती. म्हणजे नाव, आकडा आणि धर्मविचार अशी तीन सुतं एकाच रेषेत पडतात. हा मुद्दा मला फार वजनदार वाटतो. नुसती नावं दोन असती तर मीही एवढं मनावर घेतलं नसतं.

## अभ्यासक काय म्हणतात

मजकुराच्या आत दडलेले जुने मजकूर असे शोधून काढायच्या पद्धतीला आपण स्रोतचिकित्सा म्हणू. ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने १६५६ मध्ये बहिष्कृत केलेल्या स्पिनोझा या तत्त्वज्ञाने १६७० मध्ये उघड लिहिलं की ही पुस्तकं मोशेची नाहीत. १७५३ मध्ये झाँ आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने देवाच्या नावांवरून उत्पत्तीचे धागे वेगळे केले. गंमत म्हणजे मोशेने जुनी टिपणं वापरली हे दाखवून त्याला मोशेचा बचावच करायचा होता. १८०५ मध्ये द वेट्टे याने पाचव्या पुस्तकाचा संबंध योशिया राजाशी जोडला. इसवी सनपूर्व ६२२ च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिरात एक नियमग्रंथ सापडला आणि राजाने बाकीच्या वेद्या मोडून टाकल्या, अशी कथा बायबलातच आहे. एकाच ठिकाणी यज्ञ करा हा पाचव्या पुस्तकाचा ठाम आग्रह तिच्याशी जुळतो. १८७८ मध्ये यूलियस वेलहाउझेन याने हे सगळं एकत्र बांधलं: चार स्रोत, वेगवेगळ्या काळांतले, पुढे संपादकांनी जोडलेले.

चार स्रोतांची ही मांडणी आज जशीच्या तशी सगळ्यांना मान्य नाही. १९७० नंतर तिच्यावर बरेच घाव पडले. कोणी स्रोत मानतं, कोणी म्हणतं एका गाभ्यावर थर चढत गेले. याजकांची परंपरा वेलहाउझेनला सगळ्यांत उशिराची वाटत होती. पण १९७९ मध्ये यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यांत चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या आणि त्यांवर याजकांचा आशीर्वाद कोरलेला निघाला. त्या इसवी सनपूर्व ६०० च्या आसपासच्या मानल्या जातात. तेव्हा कोणता तुकडा कधीचा, यावर वाद चालूच राहतील. मजकुरात अनेक हात आहेत, यावर मात्र या विषयाचे विद्यापीठीय अभ्यासक जवळपास एकमताने उभे आहेत.

## 'हा सगळा ज्यूद्वेषच नव्हे का?'

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वेलहाउझेनच्या लिखाणात एक उतरंड आहे. सुरुवातीचा धर्म मोकळा आणि जिवंत, नंतर याजक आले आणि नियमांचं ओझं झालं, असं तो मांडतो. म्हणजे ज्यू धर्म हा ऱ्हासाचा टप्पा ठरतो. सॉलोमन शेख्टर या विद्वानाने १९०३ मध्ये भाषणात सरळ म्हटलं की ही 'उच्च चिकित्सा' म्हणजे उच्च प्रतीचा ज्यूद्वेष आहे. बर्लिनचे रब्बी डेव्हिड झ्वी हॉफमन यांनी वेलहाउझेनचा एकेक मुद्दा त्याच्याच हत्यारांनी खोडायला घेतला. पुढे यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठात उंबेर्तो कासुतो यांनीही चार स्रोतांचा सिद्धान्त नाकारला.

पण बघणाऱ्याच्या मनात आकस होता म्हणून टाका नाहीसा होत नाही. आज हेच काम इस्रायलच्या विद्यापीठांतून ज्यू विद्वान करतात, त्यातले काही शनिवारचा धार्मिक विसावा काटेकोर पाळणारे आहेत. 'आधी शुद्ध, मग ऱ्हास' ही गोष्ट त्यांनी टाकून दिली. टाके तरीही दिसतातच.

## 'जुन्या रब्बींना हे दिसलं नव्हतं?'

दिसलं होतं. हा भाग मला सगळ्यांत प्रिय आहे.

तालमूद म्हणजे रब्बींच्या कित्येक पिढ्यांच्या चर्चांचा महासागर. त्यात मोशेच्या मृत्यूच्या शेवटच्या आठ वचनांवर वाद आहे. एक मत, ती मोशेच्या जागी आलेल्या यहोशवाने लिहिली. दुसरं मत, देव सांगत गेला आणि मोशे रडत रडत लिहीत गेला. दुसऱ्या एका ठिकाणी प्रश्न येतो की तोरा एकदम मिळाली की 'गुंडाळी गुंडाळी करत'. दोन्ही मतं नोंदवली आहेत आणि दोन्ही बाजूंना मोठी नावं आहेत.

त्याहून जुना दाखला बायबलातच सापडतो. वल्हांडणाच्या सणाचं कोकरू पाण्यात शिजवू नका, विस्तवावर भाजा, असं निर्गमात बजावलं आहे. अनुवादात त्याच धातूचं क्रियापद वापरून सांगितलं आहे की शिजवा आणि खा. नंतरच्या काळात लिहिलेल्या इतिहास या पुस्तकात योशियाच्या वल्हांडणाचं वर्णन येतं, तिथे लेखक लिहितो की नियमाप्रमाणे कोकरू 'विस्तवावर शिजवलं'. हिब्रूतही हे वाक्य असंच अवघडलेलं आहे. दोन्ही वचनं देवाची, एकही टाकायचं नाही, म्हणून त्याने ती एका वाक्यात बसवली. तेवीसशे-चोवीसशे वर्षांपूर्वीचा तो माणूस आजच्याच प्रश्नाशी झटत होता.

स्पेनमध्ये जन्मलेला बाराव्या शतकातला भाष्यकार अब्राहाम इब्न एझ्रा 'त्या वेळी देशात कनानी लोक होते' या वाक्यापाशी थबकतो. मोशेच्या काळातही कनानी तिथेच होते, मग 'त्या वेळी' कशाला? तो एक सोपा अर्थ देऊन पाहतो आणि लिहितो, तसं नसेल तर यात एक रहस्य आहे, आणि सुज्ञाने गप्प राहावं. चौदाव्या शतकात त्याच्या भाष्यावर विवरण लिहिणारा योसेफ बोनफिस गप्प राहिला नाही. वाक्य मोशेने लिहिलं की दुसऱ्या संदेष्ट्याने, याने मला काय फरक पडतो, तेही प्रेषितवाणीतूनच आलेलं खरं आहे, असं तो म्हणतो. आजच्या कित्येक श्रद्धाळू अभ्यासकांचं उत्तर याच वाक्यात आहे.

## श्रद्धाळूंनी काढलेल्या वाटा

बहुसंख्य ऑर्थोडॉक्स, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे ज्यू, आजही चिकित्सा नाकारतात. सुधारणावादी पंथ ती मोकळेपणाने स्वीकारतात. खरी ओढाताण होते ती दोन्ही हवं असणाऱ्यांची.

मोर्देखाय ब्रॉयर हे यरुशलेमचे ऑर्थोडॉक्स रब्बी. त्यांनी चिकित्सकांना सांगितलं, तुमचे टाके बरोबर आहेत, फक्त गोधडी शिवणाऱ्याबद्दल तुम्ही चुकता. देवच वेगवेगळ्या आवाजांत बोलतो, एका आवाजात न्याय, दुसऱ्यात दया. याला जुना आधार आहे. मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या कथारूप भाष्यांत, एक राजा आहे. त्याच्याकडे नाजूक पेले असतात. नुसतं गरम पाणी ओतलं तर फुटतील, नुसतं गार ओतलं तरी तडकतील, म्हणून तो दोन्ही मिसळून ओततो. तसंच देवाने न्याय आणि दया मिसळून जग घडवलं. उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत जगाच्या निर्मितीची दोन वर्णनं येतात, ती ब्रॉयर यांच्या हाताखाली वाचताना मजकूर खरंच उजळतो. पण एका आवाजात योशियाच्याच काळातल्या चिंता का दिसतात, याचं उत्तर तिथे मिळत नाही. देव काहीही, कसंही लिहू शकतो म्हटलं की कोणताच पुरावा त्याच्या विरुद्ध जात नाही. मला ही त्या विचाराची कमजोरी वाटते.

लंडनचे रब्बी लुई जेकब्स यांनी दुसरी वाट धरली. तोरा देवाकडूनच आली, पण माणसांच्या हातून, त्यामुळे तिच्यात माणसांचा अंश आहे, असं त्यांनी १९५७ मध्ये मांडलं. याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९६१ मध्ये रब्बी घडवणाऱ्या विद्यालयाचं प्राचार्यपद नाकारलं गेलं आणि १९६४ मध्ये त्यांच्या जुन्या सिनेगॉगची जागाही. त्यांच्यामागून माणसं बाहेर पडली आणि वेगळं सिनेगॉग उभं राहिलं. २००५ मध्ये लंडनच्या एका ज्यू साप्ताहिकाने वाचकांचा कौल घेतला, तेव्हा सर्वांत थोर ब्रिटिश ज्यू म्हणून त्यांचीच निवड झाली.

तिसरी वाट फ्रान्झ रोझेनझ्वाइग या जर्मन ज्यू विचारवंताची. अंग लुळं पडत चाललेलं, बोलणं थांबलेलं, अशा अवस्थेत ते बायबलचं जर्मन भाषांतर करत होते. १९२७ च्या एका पत्रात ते लिहितात की अभ्यासक तोराच्या अखेरच्या संपादकाला 'आर' या अक्षराने ओळखतात, आम्हीही तेच अक्षर वापरतो, पण आम्ही ते 'रब्बेनू' असं वाचतो. रब्बेनू म्हणजे आमचे गुरू. परंपरेत मोशेलाच मोशे रब्बेनू म्हणतात. तुकडे ज्याने जोडले तो कोणीही असो, जोडलेलं जे आपल्यापर्यंत आलं तीच शिकवण, असा त्यांचा भाव. मला स्वतःला ही वाट सर्वांत प्रामाणिक वाटते. ती टाके लपवत नाही आणि पांघरूणही फेकून देत नाही.

## 'पण एकही अक्षर बदललेलं नाही, त्याचं काय?'

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. मजकूर कसा तयार झाला हा एक प्रश्न. तयार झाल्यावर नकला करताना तो किती जपला गेला, हा दुसरा. दुसऱ्याला पाठचिकित्सा म्हणतात आणि ती आपल्याला घरची आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळपास पन्नास वर्षं शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती केली, ती याच पद्धतीने.

तोराची जपणूक थक्क करणारी आहे. मृत समुद्राजवळ एन गेदी इथे १९७० मध्ये उत्खननात कोळसा झालेली एक गुंडाळी मिळाली. उघडायला जावं तर चुरा होणार. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या आधारे ती न उघडता वाचली. लेवीयचे पहिले दोन अध्याय निघाले, आणि सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या ओळी आजच्या तोराशी अक्षरन् अक्षर जुळल्या.

पण त्याहून मागे गेलो की चित्र बदलतं. मृत समुद्राकाठच्या कुम्रानच्या गुहांत १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांत तोराचे एकाहून अधिक पाठ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. रब्बींनी हेही लपवलेलं नाही. मंदिराच्या अंगणात तीन प्रती मिळाल्या, त्यांत फरक होता, तेव्हा दोन प्रतींत जुळणारा पाठ घेतला आणि तिसरा सोडला, अशी आठवण त्यांनीच जपली आहे. तोराच्या अगदी मधलं अक्षर कोणतं, यावर तालमूदमध्ये चर्चा आहे. कोणी म्हणतं, गुंडाळी आणा आणि मोजा. उत्तर येतं, आधीचे लोक शब्दांच्या पूर्ण आणि अपूर्ण वर्णलेखनात वाकबगार होते, आपण तसे नाही. आजही येमेनच्या ज्यूंच्या गुंडाळ्या इतरांपेक्षा नऊ अक्षरांनी वेगळ्या आहेत, आणि त्यांची तोरा तोराच मानली जाते.

## 'मग शनिवार पाळायचा कशाला?'

सगळ्यांत खोल आक्षेप हाच. ऑर्थोडॉक्स माणूस विचारतो, देवाने शब्दशः सांगितलं म्हणून मी शनिवारी दिवा लावत नाही, धंदा बंद ठेवतो, अमुक खात नाही. ते संपादकांनी जोडलेलं असेल तर माझ्या पूर्वजांनी यासाठी जीव दिले ते कशाला? या प्रश्नापुढे मान खाली घालूनच उत्तर द्यावं लागतं.

मला इथे आपल्या कोकणातले बेने इस्रायली आठवतात. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि ग्रंथ समुद्रात गेले. पुढची कैक शतकं त्यांच्याकडे तोराची गुंडाळी नव्हती. तेलाच्या घाण्यावर पोट होतं, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. त्यांच्यातलीच कथा अशी की डेव्हिड रहाबी नावाचा पाहुणा आला, त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे निवडले, बाकीचे बाजूला सारले. लेवीयच्या अकराव्या अध्यायातला नियम तोच आहे. त्यांनी तो अध्याय वाचलेला नव्हता आणि लिहिला कोणी हे त्यांना सांगताही आलं नसतं. नियम आईकडून मुलीकडे आला होता, म्हणून पाळला जात होता.

यावर कोणी म्हणेल, मग ही नुसती रूढी झाली, यात देव कुठे? इस्रायलच्या विचारवंत तामार रॉस यांचं उत्तर असं की देवाचं बोलणं सिनायवर एकदाच होऊन संपलं असं कशाला मानायचं? पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतीतून, अगदी संपादकांच्या हातांतूनही, ते उलगडत राहतं. यात धोका आहेच. सगळंच देवाचं बोलणं म्हटलं तर चुकीच्या वळणाला चूक कोण म्हणणार? त्यावर सगळ्यांना पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

पण तालमूदमधली एक कथा या प्रश्नावर मी कितीदा तरी वाचली आहे. मोशे वर जातो, तर देव तोराच्या अक्षरांना मुकुट बांधत बसलेला. हे कशासाठी, असं मोशे विचारतो. देव सांगतो, पुष्कळ पिढ्यांनंतर अकिवा नावाचा माणूस या एकेका टोकातून नियमांचे ढीग काढणार आहे. मला दाखव, मोशे म्हणतो. देव म्हणतो, मागे फिर. मोशे वळतो आणि अकिवाच्या वर्गात आठव्या रांगेच्या मागे जाऊन बसतो. काय चाललंय ते त्याला काहीच कळत नाही. तो गळून जातो. इतक्यात एक शिष्य अकिवाला विचारतो, गुरुजी, हे तुम्हाला कुठून समजलं? अकिवा म्हणतो, हा मोशेला सिनायवर मिळालेला नियम आहे. ते ऐकून मागे बसलेल्या मोशेच्या जिवात जीव येतो.